शेवटच्याला पहिल्याची गाडी

"वजनकाट्याचा विषय आज कुणी काढायचा न्हाई," असं म्हणून भूपालआण्णांनी टेबलावर हात आपटला, आणि टेबलावरचा चहा पोपट खोताच्या मांडीवर गेला. सभा सुरू झाली ती अशी.

दूध डेअरीच्या हॉलमध्ये आमच्या सरळधाव मंडळाची बैठक होती. सरळधाव म्हणजे मोटारसायकलींची शर्यत. वळण नाही, फेरी नाही, नुसतं नाकासमोर सुसाट जायचं. गावाबाहेर साखर कारखान्याची जुनी धावपट्टी आहे. एके काळी उसावर औषध फवारायला छोटं विमान यायचं, त्यासाठी बांधलेली. विमान बंद झालं, तशा बायका तिथं मिरच्या वाळत घालायला लागल्या. वर्षातून एकदा, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, मिरच्या कडेला सारून आम्ही गाड्या पळवायचो. सगळे एका ओळीत उभे राहायचे, टॉवेल खाली पडला की सुटायचं, आणि पट्टीच्या टोकाला मारलेल्या चुन्याच्या रेघेवर जो आधी पोचेल त्याला गुलाल, हलगी आणि ढाल.

शेवटी येणाऱ्याला प्लॅस्टिकची बादली.

बादली अध्यक्षांच्या, म्हणजे भूपालआण्णांच्या भांड्यांच्या दुकानातली असायची. जो रंग खपत नसेल तो. गेली कित्येक वर्षं पिवळा खपत नव्हता. हे मला एवढं नक्की माहीत, कारण दरवर्षी ती बादली मीच घरी आणायचे. आमच्या न्हाणीत पिवळ्या बादल्यांची उतरंड लागली होती. आई बघायची आणि म्हणायची, "अगं वैजे, एखाद्या वर्षी लाल माग की."

तर वजनकाटा. आदल्या वर्षी ठरलं होतं की सगळ्या गाड्यांचं वजन सारखं करायचं, हलक्या गाडीला वाळूची पिशवी बांधायची. वजन कुठं करायचं? कारखान्याच्या उसाच्या काट्यावर. भरलेल्या ट्रॉल्या तोलणारा काटा तो, त्याला मोटारसायकल म्हणजे अंगावर माशी बसल्यासारखी. पोपटची गाडी सकाळी भरली बैलाएवढी आणि दुपारी भरली शेळीएवढी. अभिनंदन मगदूमची गाडी काट्यानं दाखवलीच नाही. हे सगळं बघायला गावातले ऊसवाले जमले होते. त्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि तिथनंच मोर्चा निघाला तो थेट कारखान्याच्या ऑफिसात. शर्यत राहिली बाजूला.

"विषय एकच," आण्णा म्हणाले. "ताकद कमी, खर्च कमी. एके काळी चाळीसभर गाड्या यायच्या. औंदा सात. पुढच्या साली मी आणि टॉवेल, दोघंच उरू."

सगळ्यांनी अभिनंदनकडं बघितलं. अभिनंदन मगदूम यंत्रमागवाल्या मगदुमांचा थोरला. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा, आता सगळ्यांच्याच पुढं असायचा. आमच्यात गाड्यांना बैलांसारखी नावं ठेवतात. त्याच्या गाडीचं नाव तुफान. तुफानचा पिस्टन परदेशातून यायचा, कार्बोरेटर मुंबईहून आणि मेकॅनिक पुण्याहून. तिला गाठायच्या नादात पोपटनं बायकोच्या पाटल्या मोडून सिलिंडर आणला होता, तेव्हापासून त्याच्या घरी दोन चुली होत्या.

"कार्बोरेटर ल्हान करा सगळ्यांचा," पोपट मांडी पुसत म्हणाला.

"करा की," अभिनंदन म्हणाला. "मी ल्हानातला भारी आणतो."

"परदेशी सामान बंद!"

"आतलं सामान कुठलं ते बगणार कसं? इंजिन खोला. परत बसवायला माणूस पुण्यास्नं येतो, त्याचं जेवणखाण मंडळाकडं."

"मग समद्यांनी पेट्रोलात निम्मं रॉकेल घालायचं," मागून कुणीतरी म्हणालं.

"रेशनला रॉकेल मिळंना गड्या," आण्णा म्हणाले, "माझी म्हातारी लाकडं फोडतीया आणि तू गाडीत घाल."

दिलावरमामा कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होते. दिलावर शिकलगार, गावातले सगळ्यात जुने मेकॅनिक आणि आमच्या शर्यतीचे पंच. टॉवेल त्यांचाच. ते म्हणाले, "एकच नियम करा. शर्यत संपली की पहिल्याची गाडी शेवटच्याला, शेवटच्याची पहिल्याला. तिथल्या तिथं, किल्लीसकट."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडं वळल्या.

"म्हंजे?" आण्णांनी विचारलं.

"म्हंजे जी गाडी सांजच्याला दुसऱ्याच्या दारात जाणार, तिच्यात सोनं कोण ओतंल?"

आधी कुणाला कळलं नाही. मग हळूहळू एकेकाच्या तोंडावर ते उजाडत गेलं. तुफान जिंकणार हे ठरलेलं. म्हणजे जो शेवटी येईल त्याच्या दारात तुफान! एकदम पाच हात वर झाले. पोपटचे दोन्ही.

अभिनंदन ताडकन उठला. "डाव हाय ह्यो! शेवटी कोण येतंय दरसाली? वैजू! म्हंजे माजी गाडी वैजूला फुकट द्यायची!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मंडळात मी एकटीच बाई, दाराजवळच्या बाकावर.

"वैजे, नशीब काढलंस की," पोपट म्हणाला. "काय बी करू नगंस. फकस्त नेहमीसारखी चालव."

हॉल हसला. आण्णाही हसले. एवढी वर्षं मी त्यांच्यासोबत हसत आले होते. त्या दिवशी नाही जमलं.

"मी शेवटी येणार नाही," मी उभी राहून म्हणाले.

"मग?"

"पहिली येणार."

आण्णांना हसताना ठसका लागला, कुणीतरी पाठीत चार दणके घातले. अभिनंदन मात्र हसला नाही. तो छताकडं बघत कसला तरी हिशोब करत होता. मग त्यानंही हात वर केला. ठराव एकमतानं पास झाला. आमच्या मंडळात एकमत पहिल्यांदाच होत होतं, खरं तर तेव्हाच कुणीतरी घाबरायला पाहिजे होतं.

*

"जिंकलीस तर गाडी जाणार," आई भाकरी थापत म्हणाली. "हरलीस तर गाडी मिळणार."

"हो."

"मग जिंकतीस कशाला?"

"मला शेपूट म्हणतात गावात."

"म्हणू देत की. म्हशीलाबी शेपूट असतंय. त्याच्याबगार माश्या कोण हाकंल?"

तिचं बरोबर होतं, तेच तर वाईट होतं. माझी गाडी चिंगी. तीन भंगारातल्या मोपेडी जोडून एक केलेली. पुढचं चाक एकीचं, इंजिन दुसरीचं, सीट तिसरीची आणि हॉर्न सायकलचा. रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून ती मला शेजारच्या चार वाड्यांना फिरवायची. ती गेली तर दूध कशावर घालू? डोक्यावर? पण सभेत म्हणून बसले होते, आणि मलाही तेच पाहिजे होतं.

दिलावरमामांच्या गॅरेजात मी चिंगीचं मागचं, चेन फिरते ते दातेरी चक्कर बदललं. भंगारात मिळालेलं लहान चक्कर, म्हणजे चेन आखूड करायला लागली.

"पळंल," मामा म्हणाले. "पण चेन दम धरंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

"रेघेपर्यंत धरली तरी बास."

शर्यतीच्या आठवड्यात घरी पाहुणे यायला लागले. पहिला आला पोपट, तोही मागच्या दारानं.

"वैजे, एक इचारू? कुणाला सांगू नगंस."

"काय?"

"शेवटी यायचं कसं गं?"

मला वाटलं चेष्टा करतोय. नाही. डोळ्यांत अगदी गरज होती.

"न्हाई म्हंजे, मला सवय न्हाई. मूठ आपोआप पिळती. तुजा एवढा अनुभव हाय. गिअर कुटला ठेवतीस? श्वास आत घ्यायचा का भाईर?"

आई आतून म्हणाली, "बस पोपट, चहा टाकते," आणि हसू दाबायला चुलीकडं वळली. मी त्याला सांगितलं, समोर बघायचं नाही, बाजूच्या मिरच्या मोजत जायचं. त्यानं मनापासून ऐकलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले. एकानं तर येताना लिंबाचं लोणचं आणलं. सगळं आयुष्य मी ज्या गोष्टीपायी हसं करून घेतलं, तिची मी एकाएकी पंचक्रोशीतली तज्ज्ञ झाले होते.

*

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर ही गर्दी. मिरच्यांचे लाल ढीग कडेला सारलेले, हलगीवाले हलग्या शेकत बसलेले, मांडवात ढाल, आणि ढालीशेजारी बादली.

बादली लाल होती.

आई मिरच्यांच्या बाजूला पुढंच उभी होती. तिनं बघितलं आणि गर्दीवरून हाक मारली, "वैजे! लाल हाय गं औंदा!"

मी ओढणी कमरेला गच्च बांधली आणि मान वळवली नाही.

सात गाड्या ओळीत लागल्या. तुफान मधोमध, काळी, चकचकीत, धूर सोडत गुरगुरणारी. माझी चिंगी सगळ्यात कडेला. किटल्या काढल्यामुळं तिला चुकल्यासारखं होत असावं, एका बाजूला कलत होती. दिलावरमामांनी टॉवेल वर धरला, गर्दी थांबली, टॉवेल पडला.

मी सुटले.

मागून आवाज येतच होता, पण जवळ येत नव्हता. दरवर्षी टॉवेल जमिनीवर टेकायच्या आत सगळे मला सोडून गेलेले असायचे, मला फक्त त्यांचा धूर माहीत. आज पुढं काहीच नाही. मोकळी पट्टी, ऊन, आणि टोकाला पांढरी रेघ. मी मागं वळून बघितलं.

सहाच्या सहा गाड्या जागेवर उभ्या होत्या.

पाच जणांना शेवटी यायचं होतं, म्हणून ते हलत नव्हते. पोपट मान वाकडी करून मिरच्या मोजत होता. आणि अभिनंदन हाताची घडी घालून हसत होता. त्याचा हिशोब मला नंतर कळला: पहिलं यायचं नाही म्हणजे गाडी जात नाही, दुसरं यायचं. वैजूला जाऊ दे पुढं, शेवटच्या घटकेला मूठ पिळली की तिच्या मागोमाग पोचतो. घाई काय? तुफानला पट्टी म्हणजे दोन घास.

"अरे सुटा की!" आण्णा मांडवातून ओरडले. "टॉवेल पडलाय!"

"आधी तू जा," पोपट शेजारच्याला म्हणाला.

"तू जा. तू थोरला."

मी पुढं बघितलं, मूठ पिळली आणि त्याच क्षणी खाली खाडकन आवाज झाला. चेन तुटली. चिंगी चार हात घरंगळली आणि पट्टीच्या मधोमध थांबली.

गर्दी जी हसली! लहान पोरं मिरच्यांच्या ढिगात लोळली. मी उतरले. तुटकी चेन उचलून गळ्यात घातली, कारण रस्त्यात टाकली तर कुणाच्या तरी चाकात गेली असती. हँडल धरलं आणि ढकलायला लागले. नियमात कुठंच लिहिलं नव्हतं की गाडीनं माणसाला न्यायचं. गाडी आणि माणूस दोघं रेघेपार पाहिजेत, एवढंच.

"वैजे, सोड गं!" कुणीतरी ओरडलं. "बादली तुजीच हाय!"

"नको मला बादली!" मी ओरडले. ते मात्र आईला ऐकू गेलं, तिनं कपाळावर हात मारला.

ऊन डोक्यावर, डांबर मऊ झालेलं, चपलेचा अंगठा तुटला. मी अनवाणी ढकलत होते. हलगीवाल्यांना कळेना काय वाजवायचं. शर्यतीचा ठेका धरावा तर शर्यत दिसेना. शेवटी त्यांनी वरातीचा धरला.

तिकडं सुरुवातीच्या रेघेवर दिलावरमामांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "पोरांनो, ती पोचली तर पहिली ती. मग शेवटच्याला कुणाची गाडी?"

पाच जणांनी पट्टीवर बघितलं. तिथं मी, गळ्यात चेन, पुढं सायकलच्या हॉर्नवाली चिंगी.

"आयला," पोपट म्हणाला.

मग जे झालं तसं ना आधी कधी झालं, ना नंतर. पाच गाड्या एकदम उसळल्या. शेवटी येऊन चिंगी गळ्यात पडू नये म्हणून आमच्या मंडळाच्या इतिहासातली सगळ्यात जीवघेणी शर्यत लागली. मला वाटलं, संपलं, आता हे मला ओलांडून जाणार. कान बंद झाले, धुळीनं काही दिसेना, मी नुसती ढकलत राहिले. आणि माझ्या अगदी पाठीशी येऊन पाचही जणांनी करकचून ब्रेक मारले.

कारण पुढं जाणारा पहिला येणार, पहिल्याची गाडी शेवटच्याला जाणार, आणि बदल्यात कुणाची येईल त्याचा नेम नाही.

पोपटचा ब्रेक जरा उशिरा लागला. तो माझ्या शेजारून घसरत आला, पहिला येईन या भीतीनं त्यानं हँडलच फिरवलं आणि गाडीसकट मिरच्यांच्या ढिगात शिरला. लाल ढग उठला. पुढची घटकाभर पंच, अध्यक्ष, हलगीवाले, ढाल घेऊन उभा असलेला माणूस, सगळे शिंकत होते.

"चल की गं वैजे पुढं!" मागून एक जण रडकुंडीला येऊन म्हणाला. "गाडी तापली माजी!"

"मग जा ओलांडून," मी म्हणाले.

"नगं नगं! सावकाश चल. काय घाई न्हाई."

असं आमचं चाललं. पुढं मी, मागं चार भारी गाड्या पाऊलभर अंतर ठेवून, वरातीचा ठेका, आणि बाजूनं पोपट शिंकत गाडी ढकलत. रेघ आली. चिंगीचं पुढचं चाक चुन्यावर गेलं, मग मागचं, मग माझे पाय. लगेच मागचे चौघं सुटले, एकमेकांत अडकत पडत रेघ ओलांडून गेले. पोपट सहावा.

अभिनंदन अजून सुरुवातीच्या रेघेवरच होता.

त्याचं हसू कधीच गेलं होतं. तुफान होतं शर्यतीचं इंजिन. उभं राहणं त्याला माहीतच नव्हतं. एवढा वेळ जागेवर गुरगुरून प्लग काळा पडला आणि अभिनंदननं मूठ पिळली तशी गाडी एकदा खोकली आणि बंद. तो किका मारत होता. पुण्याचा मेकॅनिक त्या वर्षी आलाच नव्हता, कारण दुसरं यायला मेकॅनिक कशाला? शेवटी तोही ढकलत आला. तुफान चिंगीच्या तिप्पट जड होती.

मला गुलाल लागला तेव्हा मी शिंकतच होते. ढाल हातात आली. मग आण्णांनी अभिनंदनच्या हातात लाल बादली दिली, आणि नियमाप्रमाणं किल्ल्यांची अदलाबदल झाली. चिंगीला किल्ली नव्हती, मी त्याला तिची तुटकी चेन दिली.

"ह्ये काय जिंकणं झालं?" तो म्हणाला. घाम, धूळ, हातात बादली. "चालत गेलीस तू!"

"तुम्ही सगळे उभे होता. मी चालत होते."

त्यानं बादली या हातातून त्या हातात घेतली. मग मांडवामागं येऊन हळू आवाजात म्हणाला, "वैजू, घरात मला बसू देणार न्हाईत. गाडी परत कर. काय पायजे ते सांग."

तुफानला किटली अडकवायला जागा नव्हती. सीट एकाची, तीही अर्धी. पहाटे चार वाड्या माझी वाट बघणार होत्या. पण हे त्याला कशाला सांगायचं? मी तुफानच्या टाकीवर हात फिरवला. जरा जास्त वेळच फिरवला.

"पुढच्या सालचा नियम मी सांगणार," मी म्हणाले. "तू सभेत मांडायचा. जो माणूस सोमवारी ज्या गाडीवर कामाला जातो, तीच गाडी शर्यतीत. दूधवाल्यानं किटल्यांची, भाजीवाल्यानं पाट्यांची. तू यंत्रमागांच्या शेडवर जातोस ती स्कूटर आण."

"बाबांची? ती पळत न्हाई, वैजू."

"माझीपण नाही."

त्यानं मिरच्यांकडं बघितलं, तुफानकडं बघितलं. "बरं. मांडतो. आण ती किल्ली."

"आणि बादली."

"काय?"

"बादली दे."

तो नियम अजून आहे. पुढच्या वर्षी शर्यतीला एवढ्या गाड्या आल्या की मिरच्या उचलायला लागल्या. पोपट अंड्यांचे ट्रे मागं बांधून पळाला, ते एक वेगळंच प्रकरण.

त्या संध्याकाळी मामांनी चेन जोडून दिली आणि मी चिंगीवरून घरी आले. एका बाजूच्या हुकाला ढाल, दुसऱ्या बाजूला लाल बादली. आई दारातच उभी होती. तिनं आधी बादली काढून घेतली, बुडाला टिचक्या मारून बघितल्या, खूश झाली. मग ढाल हातात घेऊन उलटीपालटी केली.

"ह्याचं काय करायचं? ह्यात पाणी ऱ्हात न्हाई."

"ठेव कुठंतरी," मी म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

पहाटे किटल्या भरून निघाले तर न्हाणीतली पिवळ्या बादल्यांची उतरंड जागेवर नव्हती. आईनं ती सगळी दाराबाहेर आणून पालथी रचली होती, आणि सगळ्यात वर, दूध न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला बघायलाच लागेल अशी, ढाल ठेवली होती.